ऑटोमॅटिक म्हणून विकला गेलेला मॅन्युअल

सुरतेत गाडी घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, ‘या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून पाय मोडून घेऊ नका, ऑटोमॅटिकच घ्या.’ आणि दुसरा, ‘पण एएमटी घेऊ नका हं, ती डुलते.’ उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या खानदेशी मराठी घरांत पहिली गाडी येते, तेव्हाही ही चर्चा होते आणि वेसूच्या उंच इमारतींत तिसरी गाडी येते तेव्हाही. दोन्ही सल्ल्यांत तथ्य आहे. पण दुसऱ्या सल्ल्यामागे मोटारींच्या इतिहासातली एक मोठी कहाणी आहे. सात-आठ लाखांच्या गाडीतल्या ज्या गिअरबॉक्सला आपण नावे ठेवतो, त्याच जातीचा गिअरबॉक्स एकेकाळी फेरारी, लॅम्बोर्गिनी आणि बीएमडब्ल्यूच्या सर्वांत वेगवान गाड्यांत बसत होता. त्याने शर्यती जिंकून दिल्या, कोट्यवधींच्या गाड्या त्याच्या जोरावर विकल्या गेल्या, आणि पुढे तिथेही त्याची बदनामी झाली. कारणही तेच, ‘धक्के मारतो.’

ही बदनामी कितपत रास्त आहे, हे नीट समजून घ्यायला हवे. कारण आपल्याकडे हजारो कुटुंबे आयुष्यातली मोठी खरेदी याच ऐकीव मतावर करतात.

दिसायला ऑटोमॅटिक, आतून मॅन्युअल

एएमटी म्हणजे ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन. हे नावच सगळे सांगून टाकते. गाडीच्या पोटात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स असतो, तेच गिअर, तीच एक क्लच प्लेट. फरक इतकाच की क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यांचे काम यंत्राकडे दिलेले असते. एक छोटा संगणक इंजिनाचा वेग, गाडीचा वेग आणि तुम्ही ॲक्सिलरेटर किती दाबला आहे हे पाहतो. विजेवर चालणारा पंप तेलाचा दाब तयार करतो. त्या दाबावर क्लच सुटतो, गिअर बदलतो आणि क्लच पुन्हा लागतो.

खरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वेगळा असतो. त्यात इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लच प्लेटऐवजी टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यातले तेल फिरते आणि तेच ताकद पुढे नेते. इंजिन चालू असताना गाडी उभी राहिली तरी तिथे काही घासत नाही, आणि गिअर बदलताना चाकांकडे जाणारी ताकद पूर्णपणे तुटत नाही. म्हणून तो मऊ चालतो. मात्र तो महाग पडतो, आणि जुन्या पद्धतीचे ऑटोमॅटिक पेट्रोलही जास्त पीत.

दोन्हींतला फरक पाहायला गाडी खोलावी लागत नाही. मारुतीच्या एएमटी गाडीत बसून गिअरच्या दांड्याकडे बघा. त्यावर आर, एन, डी आणि एम ही अक्षरे आहेत, पार्किंगचा पी नाही. खऱ्या ऑटोमॅटिकमध्ये पी वर टाकले की एक खटका गिअरबॉक्सला कुलूप लावतो. मॅन्युअलमध्ये तसा खटका नसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि हँडब्रेक ओढायचा. या एएमटीतही तेच करायचे असते. न दिसणाऱ्या त्या एका अक्षरात तिचे कुळ कळते.

दुसरी खूण कानाने ओळखता येते. सकाळी अशा गाडीचा ड्रायव्हरकडचा दरवाजा उघडला की पुढून काही क्षण बारीक ‘घूं’ असा आवाज येतो. पुष्कळांना वाटते काहीतरी बिघडले. बिघडलेले काही नसते. तुम्ही बसण्याआधीच पंप तेलाचा दाब भरून घेत असतो. हाच आवाज नव्वदच्या दशकातल्या फेरारीचा दरवाजा उघडल्यावरही येतो, आणि तो योगायोग नाही.

रिओची शर्यत

क्लच न दाबता गिअर बदलण्याचे प्रयत्न जुने आहेत. फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने १९५५ साली आणलेल्या डीएस या गाडीत तेलाच्या दाबावर गिअर बदलण्याची सोय होती. पण या कल्पनेला प्रतिष्ठा मिळाली ती फॉर्म्युला वनमध्ये.

जॉन बर्नार्ड हे इंग्रज अभियंते तेव्हा फेरारीसाठी काम करत होते. शर्यतीच्या गाडीत गिअरच्या दांड्यासाठी आणि ड्रायव्हरच्या कोपरासाठी जागा ठेवावी लागते, त्यामुळे गाडी रुंद होते, आणि वळणावर एक हात स्टिअरिंगवरून काढावा लागतो. बर्नार्ड यांनी दांडाच काढून टाकला. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती बसवली, एक ओढली की वरचा गिअर, दुसरी ओढली की खालचा. आज ज्याला पॅडल शिफ्ट म्हणतात त्याचा फॉर्म्युला वनमधला जन्म इथला.

१९८९च्या हंगामासाठी ही फेरारी तयार झाली तेव्हा चाचण्यांत ती वारंवार बंद पडत होती. २६ मार्च १९८९ रोजी ब्राझीलमध्ये रिओजवळच्या जॅकरेपाग्वा ट्रॅकवर हंगामाची पहिली शर्यत झाली. ती पूर्ण होईल असे खुद्द ड्रायव्हर नायजेल मॅन्सेल यांनाही वाटत नव्हते. लवकरच्या विमानाने घरी परतण्याची तयारी त्यांनी ठेवली होती. शर्यतीच्या मध्यात पिटमध्ये येऊन स्टिअरिंग व्हीलही बदलावे लागले. तरीही मॅन्सेल जिंकले. नव्या गिअरबॉक्सची पहिलीच शर्यत आणि पहिलाच विजय.

त्या हंगामात फेरारीने तीन शर्यती जिंकल्या, पण इतर अनेक शर्यतींत गाड्या अर्ध्यावर थांबल्या. दोष अर्थातच नव्या गिअरबॉक्सच्या माथी आला. पुढे तपासात निघाले ते वेगळेच. इंजिनाच्या कंपनांमुळे अल्टरनेटरचा पट्टा निसटत होता, गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला पुरेशी वीज मिळत नव्हती आणि ती मान टाकत होती. मूळ दुखणे इंजिनापाशी होते आणि नाव गिअरबॉक्सचे खराब झाले. या गिअरबॉक्सच्या कहाणीत पुढेही हे घडत राहते.

पट्ट्याचा प्रश्न सुटला आणि यंत्रणा भरवशाची झाली. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत फॉर्म्युला वनमधल्या सगळ्या संघांनी हीच पद्धत उचलली. आजही फॉर्म्युला वनची गाडी याच वंशातल्या गिअरबॉक्सवर धावते. कोणता गिअर हवा हे ड्रायव्हरच ठरवतो, कारण आपोआप गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर २००४पासून तिथे बंदी आहे.

ट्रॅकवरून रस्त्यावर

फेरारीने १९९७ साली एफ ३५५ या गाडीत पॅडलचा गिअरबॉक्स दिला आणि त्याचे नावच ‘एफ वन’ ठेवले. शर्यतीतले तंत्र रस्त्यावर आणल्याचा तो जाहीर दावा होता, आणि गिऱ्हाइकांना तो भावला. पुढच्या दहा वर्षांत ही वेगवान गाड्यांतली सर्वांत मानाची गोष्ट ठरली. अल्फा रोमिओने सेलेस्पीड आणला, मासेरातीने कॅम्बिओकोर्सा, लॅम्बोर्गिनीने ई-गिअर, बीएमडब्ल्यूने एसएमजी. ॲस्टन मार्टिनच्या २००१च्या व्हँक्विशमध्येही हाच प्रकार होता. २००२ची फेरारी एन्झो तर फक्त पॅडलवरच मिळत होती, मॅन्युअलचा पर्यायच नव्हता.

जाहिरातींत आकडे झळकू लागले. एन्झोचा गिअर ०.१५ सेकंदात बदलायचा. २००७च्या फेरारी ४३० स्कुदेरियात तो वेळ ०.०६ सेकंदावर आला. कितीही कसलेला ड्रायव्हर असो, हाताने आणि पायाने हे साधणे शक्य नाही.

मग तक्रार कशाची होती? ती समजण्यासाठी गिअर बदलताना नेमके काय होते ते पाहू. आधी इंजिनाची ताकद कमी करावी लागते. मग क्लच सुटतो, जुना गिअर निघतो, नवा पडतो, इंजिनाचा वेग नव्या गिअरशी जुळतो, आणि क्लच पुन्हा लागतो. क्लच सुटल्यापासून पुन्हा लागेपर्यंत चाकांना ताकद मिळत नाही. गाडीत बसलेल्या माणसाचे अंग तेवढा वेळ पुढे झुकते आणि क्लच लागला की मागे जाते. ‘डुलते’ म्हणतात ते हेच.

शर्यतीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो. तिथे संगणक हे सगळे झटक्यात उरकतो. क्लच धाडकन लागतो, पाठीत गुद्दा बसतो, आणि ड्रायव्हरला तो हवाच असतो. पण तीच गाडी सकाळी नऊ वाजता सिग्नलवरून हळूच निघते तेव्हा क्लच धाडकन लावून चालत नाही. तो हळूहळू, घासत लावावा लागतो. म्हणजे वेळ लागतो, आणि जितका वेळ जास्त तितका झोल जास्त. म्हणून हा गिअरबॉक्स जोरात पळवला की उत्तम वाटतो आणि सावकाश चालवला की अडखळतो. तो शर्यतीसाठीच घडला होता. रस्त्यावर मात्र गाडी बहुतेक वेळ सावकाशच चालते.

मॅन्युअल गाडीतही ताकद तेवढाच वेळ तुटते, बहुधा जास्तच. पण तिथे गिअर कधी बदलायचा हे आपण ठरवतो. पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो, अंग सावरलेले असते. एएमटीत तो क्षण संगणक ठरवतो आणि आपला पाय ॲक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहतो. झोल होतो तो या विसंवादातून.

क्लचचे दुखणे आणखी खर्चिक निघाले. चढावर ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे किंवा उताराच्या गॅरेजमधून रिव्हर्समध्ये इंच इंच वर येणे, या सवयींनी महागड्या गाड्यांचे क्लच काही हजार किलोमीटरमध्येच संपल्याची उदाहरणे झाली. मालकाला वाटे आपली गाडी ऑटोमॅटिक आहे. गाडी मात्र पूर्ण वेळ हाफ क्लचवर उभी असे.

बीएमडब्ल्यूची कथा या बाबतीत बोलकी आहे. २००५च्या एम ५ मध्ये ५०७ अश्वशक्तीचे व्ही टेन इंजिन होते आणि सोबत सात गिअरचा एसएमजी. युरोपात दुसरा पर्यायच नव्हता. इंजिनाचे जगभर कौतुक झाले आणि गिअरबॉक्सवर जगभर टीका. अखेर अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांच्या आग्रहाखातर कंपनीला तिथे तीच गाडी साध्या मॅन्युअल गिअरबॉक्ससह विकावी लागली. शर्यतीचे तंत्र म्हणून आणलेली गोष्ट बाजूला ठेवून लोक पुन्हा क्लच पेडल मागू लागले होते.

दुसरा क्लच आला आणि पहिल्याची सद्दी संपली

उतरती कळा लागली ती डबल क्लचमुळे. कल्पना जुनीच होती. फ्रेंच अभियंते ॲडॉल्फ केग्रेस यांनी १९३९च्या सुमारास ती मांडली होती. पोर्शेने ऐंशीच्या दशकात ती शर्यतीत वापरून पाहिली. सर्वसामान्यांच्या गाडीत ती प्रथम आली २००३ साली, फोक्सवॅगन गोल्फ आर ३२ मध्ये, डीएसजी या नावाने.

यात दोन क्लच असतात. एकावर पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. पालखी वाहताना भोई खांदा बदलतात तेव्हा नवा भोई आधी खांदा लावतो आणि मगच जुना बाजूला होतो, म्हणून पालखी हिंदकळत नाही. डबल क्लचचे तसेच आहे. पुढचा गिअर आधीच पडून तयार असतो. एक क्लच सुटत असतानाच दुसरा लागतो आणि चाकांची ताकद तुटत नाही. एका क्लचच्या गाडीत जुना भोई आधी निघून जातो.

यानंतर सगळे भराभर घडले. निसानने २००७च्या जीटी-आरमध्ये डबल क्लच दिला. बीएमडब्ल्यूने २००८ साली एम ३ साठी तोच निवडला. फेरारीची २००९ची ४५८ इटालिया फक्त डबल क्लचवरच आली. फेरारीने स्वतःच्याच ‘एफ वन’ गिअरबॉक्सचा हात सोडल्यावर बाकीच्यांना वेगळे काही सांगायची गरज उरली नाही.

तरीही काही कंपन्यांनी एकाच क्लचची बाजू धरून ठेवली, आणि त्यांची कारणे पक्की होती. डबल क्लचचा गिअरबॉक्स जड आणि मोठा असतो. लॅम्बोर्गिनीने २०११ साली अव्हेंटाडोरमध्ये एक क्लचच ठेवला, गिअर बदलण्याचा वेळ ०.०५ सेकंद. पगानीने हुआयरा या गाडीत वजन वाचवायला हाच मार्ग घेतला. लेक्ससने मोजून ५०० एलएफए बनवल्या, त्यांतही एकच क्लच होता. २०२२मध्ये अव्हेंटाडोर थांबली आणि २०२३मध्ये तिच्या जागी आलेल्या रेव्हुएल्टोने डबल क्लच घेतला, तेव्हा मोठ्या कंपन्यांतला हा अध्याय जवळपास संपला.

जुन्या गाड्यांच्या बाजारात या बदनामीची किंमत पैशांत मोजता येते. फेरारी एफ ४३० किंवा लॅम्बोर्गिनी मुर्सिएलागो मॅन्युअल असेल, तर तिला पॅडलवाल्या गाडीपेक्षा बरीच जास्त किंमत मिळते. नवी असताना पॅडलसाठी लोक वर पैसे मोजत होते. आता पॅडलची गाडी घेऊन ती मॅन्युअल करून देणारी गॅरेजेस परदेशात आहेत.

फेरारीच्या घरातून सेलेरिओच्या घरात

महागड्या गाड्यांतून हा गिअरबॉक्स हद्दपार होत होता, त्याच सुमारास भारतात त्याचे नशीब उघडले. फेब्रुवारी २०१४मध्ये ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोत मारुती सुझुकीने सेलेरिओ आणली. एएमटी असलेली भारतातली ती पहिली छोटी गाडी. मारुतीने तिला ऑटो गिअर शिफ्ट, म्हणजे एजीएस, असे नाव दिले. यंत्रणा होती मॅग्नेटी मरेली या इटालियन कंपनीची, जिचे नाव फेरारीच्या ‘एफ वन’ गिअरबॉक्सशी आणि अल्फा रोमिओच्या सेलेस्पीडशी जोडलेले आहे. दरवाजा उघडल्यावरच्या त्या ‘घूं’चे नाते हे असे आहे.

आकडे पाहिले तर या गाडीने बाजार का मारला ते कळते. मॅन्युअल आणि एएमटी, दोन्हींचे अधिकृत मायलेज एकच होते, लिटरला २३.१ किलोमीटर. किमतीतला फरक सुमारे चाळीस हजार रुपयांचा. तोवर ऑटोमॅटिक म्हणजे लाखभर रुपये जास्त आणि मायलेज कमी असा हिशेब होता. गुडघा दुखणारी आई, नव्याने गाडी शिकलेली मुलगी, दिवसभर शहरात फिरणारा विमा एजंट, अशा कितीतरी जणांसाठी एएमटीने ऑटोमॅटिकचे दार उघडले.

इतर कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. ऑगस्ट २०१४मध्ये टाटांची झेस्ट डिझेलमध्ये एएमटी घेऊन आली. मे २०१५मध्ये नॅनोलाही एएमटी मिळाली, आणि ती नॅनो गुजरातमध्येच साणंदला बनत होती. आज गुजरात हे या गाड्यांचे मोठे माहेर आहे. साणंदला टियागो आणि टिगोर बनतात. बेचराजीजवळच्या हंसलपूरला सुझुकीच्या कारखान्यात बलेनो आणि फ्रॉन्क्स. बलेनोत आधी सीव्हीटी या वेगळ्या प्रकारचा ऑटोमॅटिक होता, २०२२मध्ये कंपनीने तो काढून एजीएस दिला. बाजाराला काय परवडते याचा तो कौल होता.

सुरतेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची भर २०२४च्या फेब्रुवारीत पडली. टाटांनी टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजी आणि एएमटी एकत्र दिले, देशात प्रथमच. सीएनजीच्या पंपावर रांग लावणाऱ्या सुरतकराला तोवर क्लच दाबण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि सुरत हे गाड्यांचे शहर आहे. हिरे आणि कापडाच्या धंद्यामुळे महागड्या गाड्यांना इथे तोटा नाही, पण शहराचा खरा जीव छोट्या गाडीत आहे. इथल्या हरी कृष्णा एक्स्पोर्ट्स या हिऱ्याच्या कंपनीने २०१८च्या दिवाळीत ६०० कर्मचाऱ्यांना गाड्या भेट दिल्या तेव्हा देशभर बातम्या झाल्या. पहिली गाडी ही इथे कारागिराच्याही आवाक्यातली इच्छा आहे.

पूल, कापड बाजार आणि कोंडाईबारी

एएमटीची परीक्षा घ्यायला सुरतेइतके योग्य शहर दुसरे नाही. तापी, खाड्या आणि रेल्वे यांमुळे हे पुलांचे शहर झाले आहे. पुलांची संख्या शंभराच्या वर आहे. पूल म्हणजे चढ, आणि संध्याकाळी पुलावर रांग म्हणजे चढावरची गर्दी. एक क्लच असलेल्या गिअरबॉक्सला याहून अवघड काम नाही.

रिंग रोडवर कापड बाजारासमोर पाहा. टेम्पो, रिक्षा, हातगाड्या, पार्सलांचे गठ्ठे घेऊन निघालेले हमाल. गाडी दोन मीटर पुढे सरकते आणि थांबते. एएमटीत ब्रेकवरून पाय उचलला की गाडी हळूहळू पुढे रांगते, ही सोय आता बहुतेक मॉडेलांत आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे रांगणे तेलावर होते. एएमटीत ते क्लच प्लेट घासून होते. पाच-दहा मिनिटांत काही बिघडत नाही, पण रोज तासभर असे रांगणारी गाडी क्लच लवकर मागणार. त्यावर उपाय सोपा आहे. पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून दोन-दोन मीटर सरकण्याऐवजी थोडी जागा होऊ द्या आणि एकदाच पुढे जा. सिग्नल लांबणार असेल तर दांडा न्यूट्रलवर टाका.

पुलाच्या चढावर थांबलात तर गाडी ब्रेकवर धरा, ॲक्सिलरेटरवर नको. चढावर गाडी क्षणभर धरून ठेवणारी हिल होल्डची सोय नसेल तर हँडब्रेक ओढा, थोडी रेस द्या आणि मग हँडब्रेक सोडा. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मॅन्युअलसाठी हेच शिकवले होते. गाडीने क्लच गरम झाल्याचा इशारा दिला तर तो मनावर घ्या आणि तिला दोन मिनिटे मोकळी उभी करा.

आता घाट. सुरतेतली मराठी कुटुंबे सुट्टीत गावी निघतात ती बहुतेक धुळे-जळगावकडे. सोनगड, नवापूर मागे टाकले की साक्रीच्या आधी कोंडाईबारीचा घाट लागतो. पुढे मालाने भरलेला ट्रक असतो, गाडीत माणसे आणि सामान असते. नाशिककडे जाणाऱ्यांना सापुताऱ्याची वळणे. इथे डी मोडमध्ये गाडी गोंधळते. चढ आला म्हणून ती गिअर पाडते, वेग वाढला म्हणून लगेच वरचा टाकते, आणि पुन्हा ताकद कमी पडते. ट्रकला ओलांडायला तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता आणि नेमक्या त्याच वेळी संगणक क्लच सोडतो. समोरून वाहन येत असताना तो एक सेकंद फार मोठा असतो.

यासाठीच दांड्यावर एम हे अक्षर आहे. घाट सुरू होताच दांडा एम वर घ्या. ओव्हरटेक करायचा असेल तर आधी गिअर पाडा, इंजिनाची ताकद हाताशी आल्याची खात्री करा, रस्ता मोकळा दिसला की निघा. उतरतानाही खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे ब्रेकवर सगळा भार येत नाही. मॅन्सेल यांनी रिओत जे केले ते हेच होते, गिअर कोणता हवा ते ड्रायव्हरने सांगायचे आणि क्लचचे काम यंत्राने करायचे. एम मोडमध्ये कोंडाईबारी चढणारी एएमटी आणि डी मोडमध्ये चढणारी एएमटी या दोन वेगळ्या गाड्या वाटतात.

शहरातला झोलही बराच कमी करता येतो. इंजिनाचा आवाज चढला, आता गिअर बदलणार असे वाटले, की ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका करा. संगणकाला जे करायचे आहे त्याला तुमची साथ मिळते आणि गिअर लोण्यासारखा पडतो. चार दिवसांत पायाला सवय होते. फेरारीचे जुने मालकही एकमेकांना हाच सल्ला देत आले आहेत.

मग घ्यावी की नाही?

डबल क्लच म्हणजे सगळ्यावर उतारा, असे मानण्याचे कारण नाही. फोक्सवॅगनचा सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी २०१३मध्ये आपल्याकडे चाकणच्या पोलो जीटी टीएसआयमध्ये मिळू लागला आणि गाडी चालवण्याची हौस असलेल्यांनी तो डोक्यावर घेतला. पण त्याच वर्षी चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींवरून कंपनीला तीन लाख ऐंशी हजारांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याची दुरुस्तीही एएमटीपेक्षा कितीतरी महाग. दोन क्लच असले तरी गर्दीत रांगताना तेही घासतातच.

एएमटीत मूळ गिअरबॉक्स मॅन्युअलच असल्याने कोणत्याही चांगल्या मेकॅनिकला तो कळतो. क्लच प्लेट झिजली की बदलायची, आणि मग संगणकाला नव्या क्लचची पकड कुठे लागते ते मशीन जोडून शिकवायचे. हे शिकवणे राहून गेले तर नवा क्लचही धक्के मारतो. जुनी एएमटी गाडी घेताना धक्के जाणवले, तर आधी एवढे तपासून घ्या. पुष्कळदा दोष एवढाच असतो.

कंपन्यांनाही हा फरक नेमका कळला आहे. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनमध्ये २०२३पासून एएमटी आणि डबल क्लच असे दोन्ही पर्याय मिळतात. फ्रॉन्क्समध्ये साध्या १.२ लिटर इंजिनाला एएमटी आहे आणि जोरकस टर्बो इंजिनाला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. ज्या गाडीत माणूस वेगाची मजा घ्यायला बसतो तिला ताकद न तोडणारा गिअरबॉक्स लागतो. ज्या गाडीला घर, ऑफिस, शाळा आणि बाजार करायचा आहे तिला परवडणारा लागतो.

माझे मत स्पष्ट आहे. वेगवान गाड्यांत या गिअरबॉक्सची बदनामी झाली ती बऱ्याच अंशी रास्त होती, कारण कोटी रुपये मोजणाऱ्याला वेग आणि आराम दोन्ही हवे होते आणि एक क्लच ते एकत्र देऊ शकत नव्हता. पण ती बदनामी जशीच्या तशी छोट्या गाडीला चिकटवणे हा अन्याय आहे. छोट्या गाडीत त्याने दिलेला शब्द पाळला आहे, क्लचपासून सुटका, मॅन्युअलइतके मायलेज आणि खिशाला झेपेल अशी किंमत. त्याचे खरे नुकसान केले ते विक्रेत्यांनी, ‘ही ऑटोमॅटिक आहे’ एवढेच सांगून आणि ती चालवायची कशी ते न सांगून.

म्हणून शोरूममध्ये जाल तेव्हा मोकळ्या व्हीआयपी रोडवरची चक्कर मारून समाधान मानू नका. संध्याकाळी सहानंतर जा, गाडी पुलाच्या चढावर थांबवा आणि तिथून काढा, कापड बाजाराच्या गर्दीत दहा मिनिटे घाला, एम मोडमध्ये दोन-तीनदा गिअर पाडून पाहा. तुमचा पाय आणि ती गाडी यांचे जमले तर निःशंकपणे घ्या. नाही जमले तर थोडे पैसे वाढवून टॉर्क कन्व्हर्टर घ्या. पण निर्णय स्वतः चालवून घ्या, लोकांच्या ‘डुलते’वर नको.